गोधडीची आखणी



वैशाखाचे ऊन तापू लागले की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात घरोघर कामांची एकच गर्दी उडते. आंबे उतरवायचे, आंबापोळ्या-फणसपोळ्या वाळवायच्या, कौले परतायची, लाकूडफाटा आत घ्यायचा. ह्या धांदलीतच एखाद्या दुपारी खळ्यात चटया अंथरल्या जातात आणि त्यांवर जुनी लुगडी, धोतरे, पंचे, सदऱ्यांचे तुकडे एकावर एक पसरले जातात. मिरगाच्या आत घरातली गोधडी शिवून झाली पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत अंगावर घ्यायला कोरडे आणि उबदार असे जे काही असते, त्यात गोधडीचा मान मोठा.

गोधडी कशी शिवावी, हे मी आज सांगणार नाही. ते तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते टाका घालण्याच्या आधीच्या कामाविषयी, म्हणजे कापडावर रेघ कशी मारावी, कुठे मारावी आणि कशाने मारावी, एवढ्यापुरतेच. विषय लहान वाटेल. मलाही तो लहानच वाटत होता, आणि त्या समजुतीपायी मी एक गोधडी बिघडवून बसले. म्हणून आधी तीच हकिगत सांगते.

मी 1974 साली प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले. मुलींना शिवण शिकवणे माझ्याकडे होते. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, सारे काही पट्टीने आखून आणि मापात. दोन वर्षांनी माझे पहिले बाळंतपण आले. सासूबाई आदल्याच थंडीत गेल्या होत्या. त्यांची तीन लुगडी पेटीत होती, वापरून वापरून अगदी सायीसारखी मऊ झालेली. त्यांतले एक वर, एक खाली आणि मधोमध मामंजींच्या पांढऱ्या धोतराचा चौकोन, अशी बाळाची गोधडी करायचे मी ठरवले. चौकोनात वेल काढायची, कोपऱ्यांत कोयऱ्या. शिक्षिकेची गोधडी म्हणजे कशी रेखीव दिसली पाहिजे!

कचेरीत त्या काळी एक पेन्सिल असे. कोरडी असताना ती करड्या रंगाची उमटायची आणि ओल लागली की जांभळी व्हायची. तीच माझ्या हाताशी होती. करडी, बारीक, सुबक रेघ आली. मला वाटले, पेन्सिलच तर आहे, पहिल्या धुण्यात जाईल. पंधरा दिवस खपून मी वेल पुरी केली. आषाढ लागला. हवेत ओल इतकी की मिठाला पाणी सुटते, आगपेटीची काडी ओढून ओढून झिजते. त्या ओलीने माझ्या प्रत्येक टाक्याखाली एकेक जांभळा ठिपका उमटू लागला. घाबरून मी गोधडी पाण्यात बुडवली, आणि व्हायचे ते झाले. सगळी वेल फुटली. त्या पेन्सिलीच्या शिशात पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला असतो, हे मला नंतर कळले. लिंबू झाले, ताक झाले, उघाड पडली तेव्हा ऊनही झाले. डाग फिका झाला, पण गेला नाही. सासूबाईंची आणखी लुगडी आणणार कुठून?

आमच्या वाडीत एक काकी होत्या. अक्षरओळख नाही, पण हातची गोधडी अशी की पाहत राहावे. त्या बघायला आल्या. गोधडी उलटसुलट करून म्हणाल्या, "अवो बाई, कपड्यावर लिवता कशाला? काठ हाय की. पहिली ओळ काठाला धरून घाला, बाकीच्या तिच्या मागनं येतील."

तेव्हा मला ते बोलणे लागले. पुढे मी त्यांच्याजवळ बसून शिकले आणि माझ्या ध्यानात आले की काकी आखत नव्हत्या असे मुळीच नाही. लुगड्याचा काठ हीच त्यांची आखलेली रेघ. चौकड्यांचे कापड असेल तर चौकड्या हीच त्यांची पट्टी. पहिली ओळ पडली की दुसरीला तिचाच आधार. मधले अंतर डाव्या हाताच्या बोटाने मोजायचे. बाहेरून सुरुवात करून फेऱ्या घालीत घालीत मध्यावर येऊन थांबायचे. कापडावर उमटवलेले काहीच नाही, म्हणून पुसायचेही काही नाही.

ही रीत आपल्यापुरतीच आहे असे नव्हे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या बायका अशाच कडेपासून फेऱ्या घेत गोधडी शिवतात. ह्या समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. पुष्कळांच्या घरी आज कोकणी बोलतात. गोधडी पुरी झाली की कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून त्या फूल लावतात आणि मगच गोधडी झाली असे मानतात. बंगालच्या कांथ्यात चित्रे असतात, पण तिथेही बाह्यरेषा बहुधा धावदोऱ्याचीच आणि मग आतला भाग तिला समांतर टाक्यांनी भरलेला. याच्या अगदी उलट तऱ्हा इंग्लंडच्या उत्तर भागात होती. तिथल्या ॲलनहेड्स ह्या खाणकामगारांच्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज गार्डिनर नावाचे दुकानदार आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एलिझाबेथ सँडरसन ह्या गोधड्यांवर निळ्या पेन्सिलीने नक्षी आखून देत. आखणारे वेगळे, शिवणारे वेगळे. आखणी हाच त्यांचा पोटाचा धंदा होता. न धुतलेल्या गोधड्यांवर त्या निळ्या रेघा अजून दिसतात. म्हणजे पाहा, माझ्यासारखी शंका तिकडच्या एखाद्या बाईच्याही मनात आली असेलच की ही रेघ जाईल ना?

आता कामाचे बोलू. रेडिओवर मला फळ्यावर आकृती काढून दाखवता येत नाही. तेव्हा जवळ एखादा पंचा किंवा टॉवेल असेल तर घ्या आणि माझ्याबरोबर घड्या घाला. चौरस रुमाल नको, लांबट कापड हवे. का, ते आत्ताच कळेल.

गोधडीत आखायच्या खऱ्या जागा दोनच. एक काटकोन आणि दुसरी कोपऱ्याची वळणे.

काटकोन असा. थर एकावर एक टाकले की गोधडी चौकोनी दिसते, पण असते तिरकी. डोळ्याला ते कळत नाही. चाळीस फेऱ्या आत गेल्यावर कळते, आणि तेव्हा उसवण्यावाचून इलाज नसतो. म्हणून एका कोपऱ्यापासून आडव्या कडेवर तीन हात मोजा आणि खूण करा. उभ्या कडेवर चार हात मोजा आणि खूण करा. ह्या दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर पाच हात भरले पाहिजे. कमी भरले तर कोपरा आत झुकला आहे, जास्त भरले तर बाहेर फाकला आहे. हात म्हणजे ज्याचा त्याचा, पण तिन्ही बाजू एकाच माणसाने मोजायच्या, हे मात्र विसरू नका. शिक्षक बंधुभगिनींनो, पायथागोरसचा सिद्धान्त आपण फळ्यावर शिकवतो आणि मुले तो पाठ करतात. एकदा तो खळ्यात गोधडीवर शिकवून पाहा. मी पाहिला आहे. मुले घरी जाऊन घरच्या गोधड्या मोजत सुटली आणि एका पोराने आजीला तिची गोधडी वाकडी असल्याचे सांगून धपाटा खाल्ला.

दुसरी गोष्ट वळणांची. बाहेरून फेऱ्या घेत आत यायचे, तर प्रत्येक फेरी चार कोपऱ्यांत वळणार. वळण नेमके कुठे घ्यायचे? इथे पुष्कळ जण फसतात. त्यांना वाटते, समोरासमोरचे कोपरे जोडणारी तिरपी रेघ, म्हणजे कर्ण मारला की झाले. चौरस गोधडीला ते चालते. लांबट गोधडीला चालत नाही. समजा, गोधडी चार हात रुंद आणि पाच हात लांब आहे. कर्णावर वळणे घेतलीत तर लांब बाजूंकडच्या ओळींत दोन बोटांचे अंतर असताना आखूड बाजूंकडे अडीच बोटांचे होईल. ओळी कुठे दाट, कुठे विरळ. विरळ जागी आतले तुकडे सरकतात आणि धुण्यात गोळा होतात.

मग करायचे काय? हातातल्या पंचाचा एक कोपरा धरा. आखूड कड उचलून लांब कडेवर बरोबर बसवा आणि घडी दाबा. उलगडा. कोपऱ्यातून निघालेली ही जी मोड आहे, ती कोनाचे दोन सारखे भाग करते. अशा चारी कोपऱ्यांना घड्या घाला. आता दिसेल की एका आखूड बाजूच्या दोन मोडी मध्यावर भेटल्या, दुसऱ्या बाजूच्याही भेटल्या, पण दोन्ही भेटींच्या जागा निराळ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये एक सरळ रेघ उरते. चार हात बाय पाच हात गोधडीत ती रेघ एक हात लांबीची येते. तीच शेवटची ओळ. प्रत्येक फेरीचे वळण ह्या मोडीवर घ्यायचे. बस्स. चार मोडी आणि मधली रेघ, एवढीच साऱ्या गोधडीची आखणी. बाकीच्या ओळी काकी म्हणत तशा पहिलीच्या मागून येतात.

आणि अशा ओळी किती येतात, त्याचाही हिशेब करण्यासारखा आहे. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर धरले तर ह्या गोधडीत सुमारे पंचेचाळीस फेऱ्या होतात आणि टाक्यांची एकूण लांबी दोनशे मीटरच्या आसपास भरते. दोन पदरी दोरा असेल तर चारशे मीटर दोरा! घरातली बाई "बसल्या बसल्या" जे करते ते एवढे असते.

सुती कापडावर घडीची मोड चांगली राहते. मोठ्या सुईचे मागचे टोक दाबून ओढले तरी स्पष्ट रेघ उठते, आणि पाणी लागले की ती जाते. ह्यासारखी आखणी नाही. पण आता घरात सुती लुगडी राहिली कुठे? साड्या पॉलिस्टरच्या आणि नायलॉनच्या. त्यांच्यावर मोड राहत नाही, खडूही घसरतो. तिथे मी साध्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घालून रेघ धरते आणि काम झाले की ओढून टाकते. वेळ लागतो, पण डागाची धास्ती नाही.

लांब सरळ रेघ हवी असेल तर सुताराची युक्ती घ्या. सुतार काव लावलेली दोरी ताणून धरतो आणि मधोमध उचलून सोडतो, की फळीवर रेघ उमटते. आपण काव मात्र वापरायची नाही. ती लोखंडाची माती. कापडात शिरली की निघत नाही. त्याच कारणासाठी थर सरकू नयेत म्हणून कडेला जांभ्याचा चिरा ठेवू नका. पांढऱ्या धोतरावर त्याचा तांबूस ठसा बसतो. पाट ठेवा, वरवंटा ठेवा. दोरीला शिरगोळ्याची रांगोळी किंवा शंखजिऱ्याची पूड लावा. तांदळाची पिठी लावलीत तर काम झाल्यावर नीट झटका, नाहीतर झुरळे आणि कसर यांना निमंत्रण दिल्यासारखे होईल.

गडद कापडाला साबणाची वाळलेली चिपटी सर्वांत उत्तम. न्हाणीत उरलेली, कडेला धारदार झालेली. तिची रेघ पांढरी उमटते आणि धुण्यात तीच तिला नेते. शिंप्याचा खडू चांगला, पण काही खडूंत मेण असते, म्हणून त्यावर इस्त्री फिरवू नका. शाळेचा रंगीत खडू टाळा. शिसपेन्सिल वापरायचीच तर कठीण शिशाची आणि अगदी हलक्या हाताने. शिसे पाण्यात विरघळत नाही, ते फक्त घासून निघते, आणि पांढऱ्या दोऱ्याला काळपटपणा आणते. बॉलपेनचे नावच काढू नका.

हळदीची रेघ मारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. हळदीला साबण लागला की ती लाल होते आणि पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. खळबळून धुतली की पुन्हा पिवळी होते आणि कडक उन्हात फिकी पडत जाते. पण ऊन हवे. वैशाखात हळद चालेल, श्रावणात तिच्यावर भरवसा ठेवू नये. निळीचेही असेच. वडीची किंवा पुडीची जुनी नीळ म्हणजे बारीक पूड, ती बहुतेक धुऊन निघते. बाटलीतली पातळ जांभळट नीळ हा विरघळलेला रंग आहे. त्याने आखाल तर माझ्या वेलीची बहीण तुमच्या घरी जन्माला येईल.

नक्षीसाठी वर्तुळ हवे असेल तर ताट, वाटी, बांगडी घरात आहेतच. बांगडीभोवती रेघ, मग बांगडी अर्धी सरकवून पुन्हा रेघ, की पाकळी तयार. कोयरी, पान, मासा असे आकार जुन्या पुठ्ठ्यातून कापून ठेवावेत. मोठी नक्षी असेल तर ती कागदावर काढून रेघेवर सुईने जवळजवळ भोके पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि पुरचुंडीत बांधलेली पूड वरून आपटायची. भरतकामाचे छापे मारून देणारे दुकानदार असेच करीत आले आहेत, फक्त ते पुडीऐवजी रॉकेलात कालवलेली नीळ फिरवतात. रॉकेल पूर्वी घरोघर असे, आता ते सगळीकडे मिळत नाही. आणि असले तरी चुलीजवळ हे काम नको. आपल्याला सुकी पूड पुरे.

खडू असो वा पूड, ती हाताळण्याने झडते. म्हणून सगळी गोधडी एका दिवसात आखून ठेवू नका. आज जेवढे शिवून होईल तेवढेच आज आखा.

हल्ली बाजारात आखणीची खास पेनेही आली आहेत. एकाची जांभळी शाई हवेनेच नाहीशी होते, आणि दमट हवेत ती अधिकच लवकर जाते. आपल्याकडे सकाळी आखलेले दुपारच्या जेवणानंतर दिसेल याची खात्री नाही. दुसऱ्याची निळी शाई पाण्याने जाते. पण त्याआधी तिच्यावर इस्त्री फिरली किंवा सोडा लागला तर ती कायमची बसू शकते. आधी नुसत्या गार पाण्यातून काढावी. तिसरे पेन इस्त्रीच्या उष्णतेने पुसले जाणारे. ह्याची गंमत अशी की शाई जात नाही, ती फक्त दिसेनाशी होते आणि कडक थंडीत, उणे दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली, पुन्हा दिसू लागते. रत्नागिरीत त्याची काळजी नाही. पण मुलगी कॅनडात असेल आणि तिला गोधडी धाडायची असेल तर तिथल्या हिवाळ्यात तुमच्या साऱ्या रेघा गोधडीवर उभ्या राहतील.

कोणतीही वस्तू घ्या, आधी त्याच कापडाच्या चिंधीवर रेघ मारा, ती चिंधी ओली करून एक रात्र ठेवा, मग साबणाने धुऊन वाळवा. एक चिंधी आणि एक रात्र. मी तेवढी वाट पाहिली असती तर आज तुमच्यापुढे हे पाल्हाळ लावले नसते.

ती जांभळी गोधडी अजून माझ्या पेटीत आहे. लुगड्याचा कपडा जागोजाग विरला, ठिगळावर ठिगळ आले, मधला चौकोन मात्र टिकून आहे. परवा नातीने ती काढून विचारले, "आजी, ही वेल तू मुद्दाम रंगवलीस का गं?" मी तिला पेन्सिलीची गोष्ट सांगितली आणि साबणाची एक चिपटी हातात दिली. यंदा तिने स्वतःची पहिली गोधडी अंथरली आहे. तीन, चार, पाच हातांचे माप तिने दोनदा मोजले. तीन कोपरे मोडीवर बरोबर वळले आहेत. चौथ्या कोपऱ्यात वळण बोटभर सरकले आहे, आणि ते उसवायला ती काही केल्या तयार नाही. मीही फार आग्रह केलेला नाही.